आजीची रांगोळी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. आजीला अजून तुझा फोन आलेला नाही. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रविवारी सजीव देवाने घडवले की आपोआप झाले, यावर बोलणं निघालं, तेव्हा तिने विचारलं, "कुणी काढल्याशिवाय दारात रांगोळी उमटते का?" तू "आपोआप होतं सगळं" म्हणून ताटावरून उठलास. उत्तर कच्चं होतं. जुहूला ओहोटीनंतर वाळूवर उमटणारी नक्षी आपोआप होते: पाणी मागेपुढे होतं, उंचवट्याच्या आडोशाला कण अडकतात, उंचवटा वाढत जातो. पण तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा असते. सजीवाची माहिती ज्यात लिहिलेली असते त्या डीएनएत, दोन धाग्यांवरच्या समोरासमोरच्या अक्षरांच्या ए-टी, जी-सी जोड्या रसायनाने ठरतात. एका धाग्यावर ए-नंतर कोणतं अक्षर यावं, हे मात्र ठरत नाही. आजीचा प्रश्न नेमका तिथला आहे.

तिथे नक्कल, नकलेतली चूक आणि टिकाव धरणाऱ्यांची निवड, हे तिन्ही सांगावं लागतं. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींचा प्रयोग सांगायचास. 1988पासून ई. कोलाय या जिवाणूंचे 12 फ्लास्क. रोज प्रत्येकातलं 0.1 मिली 9.9 मिली ताज्या द्रवात घालायचं, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा पिढ्या. दर 500 पिढ्यांनी नमुना गोठवायचा. द्रवात त्यांचं अन्न म्हणजे ग्लुकोज थोडं, सायट्रेट नावाचं दुसरं रसायन भरपूर. पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट आत घेता येत नाही. सुमारे 31,500 पिढ्यांनंतर एका फ्लास्कमध्ये ते घेऊ लागले. सायट्रेट आत आणणाऱ्या जीनची जादा प्रत झाली आणि ती ऑक्सिजनमध्येही चालू राहणाऱ्या प्रमोटरशेजारी, म्हणजे जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याशेजारी, आली. गोठवलेले नमुने पुन्हा वाढवले, तेव्हा हा गुण पुढच्या पिढ्यांच्या नमुन्यांतूनच परत उगवला, अगदी सुरुवातीच्या नाही. म्हणजे आधी दुसरे बदल साठावे लागले होते.

फ्लास्क माणसानेच लावले ना, असं आजी विचारेल. खरं आहे. पण कोणता बदल व्हावा, हे त्या माणसाने ठरवलं नव्हतं.

निवड चालायला नक्कल होणारं काहीतरी आधी हवं. ती पहिली नक्कल कशी सुरू झाली, हे अजून सुटलेलं नाही. डीएनएसारखाच माहिती साठवणारा आरएनए हा रेणू रासायनिक क्रियाही घडवतो, हे 1980च्या दशकात कळलं. धागा चांगला आहे, पण पुरावा पूर्ण नाही. तिथे "माहीत नाही" म्हणायचं. त्या रिकाम्या जागेत आजीने देव बसवला म्हणून तो सिद्ध होत नाही, आणि या प्रयोगाने तिचा देव खोटाही ठरत नाही.

पुन्हा शिकवायला लागलो, माफ कर. मुद्दा पटल्याशिवाय तू मान हलवत नाहीस, याचा मला फार अभिमान आहे. पण माधवकाकाचं झालं तसं या घरात परत नको. ठिपके मोजून रांगोळी काढायला तुला तिनेच शिकवलं होतं, पाचवीच्या सुट्टीत. एक ठिपका चुकला की तू अख्खी पुसायचास, आणि ती पुन्हा ठिपके द्यायची.

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. फोन सातच्या आत कर, नंतर ती गोळी घेऊन झोपते.

तुझा,
बाबा