नाक पडलं, तरी हसू टिकलं

संपादक महाशय,

चित्रकथेतली पात्रं हाडामांसाची केली की विनोद मरतो, असं सर्रास म्हटलं जातं. मीही तेच म्हणत असे. फ्रेंच चित्रकथांचा नायक अ‍ॅस्टेरिक्स, त्याच्यावरचा खऱ्या नटांचा पहिला चित्रपट (1999) पाहून तर मत पक्कं झालं होतं. लेखक गोसिनी आणि चित्रकार उदेर्झो या त्याच्या निर्मात्यांच्या पानांतला चटपटीतपणा पडद्यावर जड झाला होता. त्यांच्याच 'अ‍ॅस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा' या पुस्तकावरचा 2002 चा 'मिशन क्लिओपात्रा' मात्र मुलीच्या हट्टापायी पाहिला आणि माझं मत चुकीचं ठरलं.

तीन महिन्यांत राजवाडा उभा करायची क्लिओपात्राची सीझरशी पैज, आणि काम कुणाकडे? ज्याची एक भिंत सरळ नाही त्या वास्तुविशारदाकडे! नट जमेल देबूझ ही भूमिका ज्या तऱ्हेने घाबरत, अडखळत, बढाया मारत करतो, ती गंमत कागदावर नव्हतीच. लेखनिक ओटिसचं ते लांबलचक, कुठेच न पोहोचणारं भाषणही पुस्तकात नाही. दिग्दर्शक आलँ शाबा स्वतःच सीझर झालेत, तेही झकास.

उलट स्फिंक्सचं नाक मला पुस्तकातलंच जास्त आवडतं. अ‍ॅस्टेरिक्सचा धिप्पाड मित्र ओबेलिक्स वर चढतो, नाक कोसळतं, आणि खाली विक्रेते मुकाट्याने आपापल्या छोट्या मूर्तींची नाकं छिन्नीने उडवू लागतात. ही चौकट मी मुलीला बोट ठेवून दाखवली, तेव्हा कुठे ती पुस्तकाकडे वळली.

एक तक्रार आहे. फ्रेंच कोट्या उपशीर्षकांत निम्म्या गळतात. शेजारी फ्रेंच जाणणारं कुणी खदखदून हसत असेल, तर आपण नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहत बसायचं.

– एक जुना वाचक