चित्र हृदयाचं, लेख पोटाचा

महोदय,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला 'चिरफाडीविना महाधमनीवर उपचार' हा लेख वाचला. डॉक्टरांचा अधिकार काढणारा मी कोण! पण मजकूर पोटातल्या महाधमनीच्या फुग्याचा आणि शेजारी चित्र हृदयाचं, हे काही पटलं नाही. स्टेंट, म्हणजे धमनीत आतून बसवायची जाळीदार नळी, म्हटलं की हृदयच, असा तुमच्या चित्रकाराचाही समज दिसतो. याच समजापायी २०१७ साली एका रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर मी स्वतःचं हसं करून घेतलं आहे.

माझे थोरले बंधू, चाळीस वर्षं बिडी ओढलेले. प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत महाधमनी ५.८ सेंटिमीटर फुगलेली निघाली. एरवी ती जेमतेम दोन असते; पुरुषांत साडेपाचच्या पुढे गेली की डॉक्टर सहसा थांबत नाहीत. दोन्ही जांघांतून नळी घालून आत कापडाने मढवलेला स्टेंट बसवायचं ठरलं. खर्चाचा कागद आला, आकडा लाखांत. मी आपलं खिशातून तुमच्याच दैनिकाचं फेब्रुवारीतलं कात्रण काढलं: औषधवाल्या स्टेंटला सरकारने २९,६०० रुपयांची मर्यादा घातल्याची बातमी. काउंटरवरच्या मुलाने ती वाचली, होती तशी घडी घातली आणि म्हणाला, "काका, ते हृदयाचे. तुमचा पोटातला." मागची रांगही हसली. मथळ्यात 'हृदयाचे' एवढा एक शब्द असता तर आम्ही आठवडाभर आधीच पैशांच्या मागे लागलो असतो. वहिनींच्या पाटल्या अशा घाईत मोडाव्या लागल्या नसत्या.

चौथ्या दिवशी दादा घरी आले, सहाव्या दिवशी अंगणात. इथपर्यंत तुमचा लेख शंभर टक्के खरा. पण 'रुग्ण लवकरच पूर्ववत' म्हणून तुम्ही जिथे पूर्णविराम दिलात, तिथून पुढचं कोण सांगणार? दरवर्षी सीटी स्कॅन, त्याआधी स्कॅनसाठी टोचायचा डाय मूत्रपिंडांना झेपेल का म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी. तिसऱ्या वर्षी कळलं, कमरेकडच्या एका बारीक धमनीतून रक्त उलटं फुग्यात येतंय आणि फुगा परत वाढतोय. परत दाखल, परत नळी, कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, टाकून ती वाट बंद. डिस्चार्ज कार्डावर 'फॉलोअप सीटी' एवढंच लिहिलेलं होतं. तो जन्मभराचा, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

मी स्टेंटच्या विरोधात नाही. पोट उभं उघडलं असतं तर दादांची फुप्फुसं टिकली नसती, असं भूलतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण ब्रिटनमध्ये १९९९ पासून स्टेंटवाल्या आणि पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांवर नजर ठेवली गेली. पहिल्या महिन्यातले मृत्यू स्टेंटवाल्यांत कमी होते. पंधरा वर्षांनी मात्र तो फायदा उरला नव्हता आणि पुन्हा उपचार करावे लागलेलेही त्यांच्यातच जास्त. हे २०१६ सालीच प्रसिद्ध झालं आहे. त्याला तुमच्याकडे चार ओळींची जागा निघाली नाही. लेखाखाली रुग्णालयाची अर्ध्या पानाची जाहिरात मात्र ऐसपैस बसली!

हे पत्र दोन दिवस उशिरा लिहितोय, कारण पुरवणी आमच्याकडे ओलीचिंब आली. पंख्याखाली वाळवून वाचावी लागली. प्लास्टिकची पिशवी घाला, असं तुमच्या एजंटाला जूनपासून सांगतोय.

— एक जुना वर्गणीदार, सांगली