'अप टू', 'आक्षेपार्ह' आणि 'खबरदारीचा उपाय'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी रोज वाचतो, छापील पण आणि मोबाइलवर पण. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आज लिहूनच टाकतो. लांबलं तर कापा, पण पालघरचा भाग तेवढा ठेवा. वरवर बघितलं तर विषय तीन वाटतील, नेटचा स्पीड, पोस्टवरून होणाऱ्या केसेस आणि नेटबंदी, पण दुखणं माझ्या मते एकच आहे. कंपनी असो नाहीतर सरकार, जो मोठा आहे तो ढिला शब्द वापरतो, आणि तुम्ही तो शब्द जसाच्या तसा बातमीत टाकता.

सुरुवात घरापासून करतो. माझ्याकडे शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे गेलेल्या मित्रांचे पण हेच रडगाणे आहे. दुपारी नेट पळतं, आणि रात्री नऊच्या सुमारास सगळं घर आणि सगळी बिल्डिंग ऑनलाइन आली की सहा-सात एमबीपीएसवर येऊन बसतं, म्हणजे वरच्या मजल्यावर सगळ्यांनी एकदम नळ सोडल्यावर पाण्याचं जे होतं तेच. फोन केला की आधी राउटर बंद करून चालू करा, मग केबल काढून लावा, मग आम्ही सांगतो त्याच साइटवर स्पीड टेस्ट करा, आणि त्या साइटवर स्पीड बरोब्बर शंभर दिसतो कारण तो सर्व्हर त्यांच्याच नेटवर्कमध्ये बसलेला असतो. मी जास्तच वाद घातला तेव्हा पलीकडचा मुलगा बिचारा थकून म्हणाला, "सर, प्लॅनमध्ये 'अप टू' लिहिलंय ना." विषय संपला. दुसऱ्या दिवशी मेसेज, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो तो मात्र अप टू १८ नसतो, पुरता १८ असतो.

आता गंमत बघा. शंभर एमबीपीएस म्हणजे शंभर मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सगळं जागच्या जागी असलं तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरणार. फाइलचा आकार आपण मोजतो बाइटमध्ये आणि स्पीड ते विकतात बिटमध्ये, आणि बॅनरवर आकडा केवढा मोठा दिसतो! 'अनलिमिटेड'ची पण तीच तऱ्हा, खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक जीबीनंतर स्पीड कमी होईल. ज्याला लिमिट आहे त्याला अनलिमिटेड म्हणायला परवानगी कोण देतं देव जाणे.

आणि कायदा माझ्या बाजूने आहे म्हणावं तर तेही नाही. आपल्याकडे ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या आहे. २००४ च्या धोरणात ती २५६ केबीपीएस होती, म्हणजे एक एमबीपीएसचा जेमतेम पाव हिस्सा, मग ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये कुठे २ एमबीपीएस झाली. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर मला तीन मिळाले तरी सरकारी भाषेत माझ्या घरात ब्रॉडबँडच आहे. कंपनीचा 'अप टू' फक्त वरचा आकडा सांगतो आणि सरकारची व्याख्या खालून इतकी खोल की मधे ग्राहक कुठेही पडला तरी चालतं. तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर मात्र हेडिंग येतं, 'आता मिळणार एक जीबीपीएसपर्यंत सुसाट इंटरनेट'. त्या 'पर्यंत'कडे तुमच्यापैकी कुणी वळून बघितलंय का कधी? किमान किती देणार, संध्याकाळी किती देणार, एवढा एक प्रश्न विचारून उत्तर छापलं तर ती बातमी होईल, नाहीतर ती फुकटची जाहिरातच.

असो, नेट स्लो असलं तर माणूस चिडतो आणि झोपतो, त्याने कुणी तुरुंगात जात नाही. तिथे दुसरा ढिला शब्द लागतो. 'आक्षेपार्ह'.

'आक्षेपार्ह पोस्टप्रकरणी तरुणावर गुन्हा' अशी बातमी आठवड्यातून एकदा तरी तुमच्याकडे असतेच. मी ती पूर्ण वाचतो आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो, पोस्टमध्ये होतं काय? ते कधीच नसतं. समजू शकतो, दंगल पेटवणारं काही असेल तर ते परत छापायचं नाही हे बरोबर आहे. पण शिवी होती, धमकी होती, एखाद्या नेत्याची टिंगल होती की नुसतीच टीका होती एवढं तर सांगता येतं? तुम्ही सांगत नाही. पोलिसांनी 'आक्षेपार्ह' म्हटलं की तुम्ही पण म्हणता, आणि कोर्टात काही ठरायच्या आधीच वाचकाच्या मनात त्या पोराने काहीतरी घाण केलीय हे ठरून जातं.

पालघर आठवत असेल. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, सगळं बंद होतं, आणि या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्याला लाइक केलं. लाइक! दोघींना अटक. जी कलमं लावली त्यात एक आयटी कायद्याचं ६६अ होतं, जे २००८ च्या दुरुस्तीत आलं होतं. 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवला, किंवा खोटं आहे हे माहीत असून कुणाला वैताग देण्यासाठी, गैरसोय करण्यासाठी पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. वैताग! मला रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगचे चाळीस मेसेज येतात, वैतागाचं मला सांगू नका.

पुढे श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ते अख्खं कलमच रद्द केलं, शब्द इतके मोघम आहेत की काय केलं म्हणजे गुन्हा होतो हे नागरिकालाही कळत नाही आणि पोलिसालाही नाही म्हणून. निकालात इंग्लंडमधल्या खटल्यांचे दाखले आहेत, तिथे तोच मजकूर एका कोर्टाला अत्यंत आक्षेपार्ह वाटला आणि दुसऱ्याला वाटला नाही. आयुष्य कायद्यात घालवलेल्या न्यायाधीशांचं जर यावर एकमत होत नसेल तर पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने रात्रपाळीत ते कसं ठरवायचं?

पण खरी कथा पुढे आहे. कलम मेलं आणि गुन्हे दाखल होतच राहिले. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, हे सुप्रीम कोर्टासमोर आलं तेव्हा न्यायाधीश चाट पडले. त्या वेळी ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी जे कारण सांगितलं ते मला अजून विसरता येत नाही. कायद्याच्या छापील पुस्तकात ६६अ अजून तसंच छापलेलं असतं, रद्द झाल्याचं फक्त खाली तळटिपेत असतं, पोलीस अधिकारी कलम बघतो, तळटीप कोण वाचतो! कलमापुढेच कंसात 'रद्द' असं छापायला हवं असं त्यांनी सुचवलं. एवढा मोठा देश, एवढं मोठं कोर्ट, आणि माणसं अडकली ती छपाईच्या मांडणीत. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने परत आदेश काढला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवायचा नाही. जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांनी एक व्यंगचित्र फॉरवर्ड केलं होतं २०१२ मध्ये, त्यावरून त्यांना हेच कलम लागलं, आणि महापात्रा पूर्ण सुटले जानेवारी २०२३ मध्ये. अकरा वर्षं घ्या.

यावरून सरकार शहाणं झालं असेल असं वाटेल. २०२३ मध्ये आयटी नियमांत नवी दुरुस्ती आली, केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल ऑनलाइन जे काही 'बनावट, खोटं किंवा दिशाभूल करणारं' असेल ते सरकारचीच फॅक्ट चेक युनिट ठरवणार. म्हणजे बॅटिंग पण तेच करणार आणि अंपायर पण तेच. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते रद्द केलं, आणि त्यातलं एक कारण परत तेच, शब्द मोघम.

तिसरा शब्दप्रयोग तर तुमच्या लोकांचा इतका पाठ झालाय की बहुतेक कीबोर्ड आपोआप सुचवत असेल, 'खबरदारीचा उपाय म्हणून इंटरनेट सेवा बंद'. जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरून वातावरण तापलं तेव्हा नेट बंद, फेब्रुवारी २०२४ ला मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरात नेट बंद, राजस्थानात तर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून नेट बंद. कॉपी पाच-पन्नास पोरं करणार आणि त्यासाठी लाखोंचं पेमेंट अडकणार, ओटीपी येऊन पडणार पण ज्या ॲपमध्ये टाकायचा ते ॲपच उघडणार नाही. बरेचदा बंद असतो तो मोबाइल डेटा, वायरचं ब्रॉडबँड चालूच असतं, म्हणजे ज्याच्या घरी राउटर आहे त्याला खबरदारीची झळ नाही आणि जो दिवसभर रस्त्यावर मोबाइलवर पोट भरतो त्याचा धंदा बसला.

याच्यामागचा कायदा बघितलात तर तो आधी १८८५ चा टेलिग्राफ ॲक्ट, म्हणजे तारेचा कायदा होता. 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हे त्यातले शब्द. तार बंद झाली जुलै २०१३ मध्ये, पण तारेच्या कायद्याने नेट बंद करणं चालूच राहिलं. मग २०२३ ला नवा टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट आला, म्हटलं आता तरी व्याख्या करतील. तेच दोन शब्द, इंग्रजांच्या घरातून उचलून आपल्या घरात, धूळसुद्धा न झटकता.

मी काही नेटबंदीच्या नावाने नुसता ओरडणारा माणूस नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकरी माणसं जमावाने ठेचून मारली, ती अफवा मोबाइलमोबाइलवरून फिरत होती. काहीच करू नका असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरतं एक केलं, एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होईल. पाच. आता या नियमात कुणी ढवळाढवळ करून दाखवावी. तो मंत्र्याला पण पाच आणि मला पण पाच, त्यात कुणाला काय 'वाटतं' याला जागाच नाही. पुरेसा होता का यावर भांडू शकतो आपण, पण निदान कशावर भांडतोय ते तरी कळतं.

बरं, नेटबंदीबद्दल सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२० ला सांगूनच ठेवलंय की असे आदेश लोकांसाठी प्रसिद्ध करावे लागतील आणि बेमुदत बंदी चालणार नाही. आणि ती याचिका कुणाची होती? तुमच्याच व्यवसायातल्या, काश्मीर टाइम्सच्या तेव्हाच्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांची. असं असताना तुमच्या बातमीत आदेश कुणी काढला, कुठल्या कलमाखाली, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, यातलं काही का नसतं? नसेल मिळाला आदेश तर 'आदेश मागितला, मिळाला नाही' असं छापा, ती पण बातमीच आहे. 'आक्षेपार्ह'चंही तसंच करा, निदान कलमाचा नंबर टाका, म्हणजे कुणी परत मेलेलं कलम लावलं असेल तर एखादा वाचक तरी ओरडेल.

तुमच्या या पत्रांच्या सदराखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, 'पत्रातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' आमच्यासारख्या साध्या वाचकाच्या पत्राला तुम्ही न चुकता ती ओळ लावता. एक दिवस ती 'आक्षेपार्ह पोस्ट'च्या बातमीखाली आणि 'एक जीबीपीएसपर्यंत सुसाट'च्या बातमीखाली लावून बघा की.

आपला,
एक नियमित वाचक