‘तो काळच तसा होता’, पण कुणाचा?

महोदय,

रविवार पुरवणीतला जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ या वेस्टर्न चित्रपटावरचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे. शेवटच्या दाराच्या दृश्यावर दोन परिच्छेद खर्ची घातलेत, तेही वाचनीय. पण ‘आजचा चष्मा उतरवून बघा, तो काळच तसा होता’ हा उपदेश काही पचला नाही.

हेच वाक्य आम्ही फार पूर्वी दादरच्या एका फिल्म सोसायटीत ऐकलं होतं. तिथे हाच चित्रपट लागला होता. त्यातला तरुण मार्टिन कोमांची या मूळ अमेरिकन जमातीकडे घोंगडीचा सौदा करायला जातो आणि गळ्यात पडते त्यांच्यातलीच बायको, लुक. रात्री ती बिचारी शेजारी येऊन आडवी होते, तर हा तिला लाथ घालून उतारावरून गडगडत खाली पाठवतो. नायक ईथन झालेला जॉन वेन खदाखदा हसतो. आमचं सभागृहही हसलं. पुढे अमेरिकी घोडदळाने कापून काढलेल्या वस्तीत तिचं प्रेत सापडतं, तेव्हा हाच मार्टिन कळवळतो की हिने कुणाचं काय वाकडं केलं होतं! खेळ संपल्यावर वक्ते चित्रीकरण झालेल्या मॉन्युमेंट व्हॅलीच्या सुळक्यांवर रंगात आले होते. माझ्या पत्नीने विचारलं, ‘‘लाथेत हसण्यासारखं काय होतं?’’ ‘‘वहिनी, तो काळच तसा होता,’’ वक्ते म्हणाले आणि चहा आला. ती पुन्हा तिथे फिरकली नाही. वर्षाची वर्गणी मात्र भरून झाली होती.

आता काळाचंच म्हणाल तर चित्रपट १९५६चा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातली काळी माणसं वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकून पायी कामावर जात होती. ती कुठल्या काळातली? आणि त्या व्हॅलीत, स्वतःच्याच भूमीवर कोमांची बनून कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले नावाहो जमातीचे लोक? त्यांचा सरदार झाला होता बर्लिनमध्ये जन्मलेला, निळ्या डोळ्यांचा हेन्री ब्रँडन!

बरं, जॉन फोर्ड काही आंधळा नव्हता. वेनचा ईथन मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांत गोळ्या घालतो, मेल्यावरही त्याचा आत्मा भटकत राहावा म्हणून. फोर्ड ते पराक्रम म्हणून दाखवत नाही. हा द्वेष कळायला आजचा चष्मा लागत नाही, १९५६चाही पुरतो. मग एकाच बाईची लाथ गंमत आणि प्रेत शोकांतिका, हे एकाच चित्रपटात कसं बसतं? लिहायचं तर यावर लिहायचं होतं. एवढ्या पानभर लेखात लुकचं नावसुद्धा नाही.

ता. क. लेखासोबत छापलेला फोटो वेनचा नसून क्लिंट ईस्टवुडचा आहे. टोपी घातली की सगळे सारखेच, असं पुरवणी विभागाचं धोरण असल्यास तसं कळवावं. शिवाय गेल्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं अजून आलेली नाहीत.

— एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)