'अलिबाग' हे उत्तर चूक कसं?

संपादक महोदय,

माझी नात सहावीत आहे. गेल्या महिन्यात शाळेत सामान्यज्ञानाची चाचणी झाली. 'ज्यू लोक कुठे राहतात?' या प्रश्नाला तिने 'अलिबाग' लिहिलं. बाईंनी त्यावर लाल काट मारून शेजारी 'इस्रायल' लिहिलं. एक गुण गेला, आणि दोष माझा. अलिबाग तिला मीच सांगितलेलं.

वडील एस.टी.त होते. त्यांच्या बदलीपायी माझी शाळेची चार वर्षं अलिबागला गेली. शेजारच्या काकू बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. आडनावाच्या शेवटी 'कर' आणि बोलणं तर माझ्यापेक्षा झणझणीत मराठी. त्यांच्या दाराच्या चौकटीला बोटभर लांबीची डबी तिरकी ठोकलेली होती. जाता-येता त्या तिला बोटं लावून ती ओठांना टेकवत. आत प्रार्थना लिहिलेली असते म्हणाल्या. मग मीही बोटं लावायची, कुणी रागावलं नाही. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा झाला की वाटी आमच्याकडे यायची: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांचे काप. शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुकांचं सरबत. ते मात्र घोटभरच मिळे.

नातीला हे सगळं सांगायचा योग आला तो तेलामुळे. करडईचं तेल आणायला आम्ही लाकडी घाण्यावर जातो. तिथे रांगेत तिला सांगितलं, कोकणात हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. लगेच प्रश्न आला, "मग आपले घाणेवाले सोमवार तेली का?" घाणेवालेही हसले. पण शनिवार का पाळायचा, हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

हिटलरच्या पलीकडे ज्यूंबद्दल मुलांच्या कानावर काही पडत नाही. तेही शिकवावंच, पण ओळख तिथूनच का व्हावी? सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आपण मुंबईला जातो तेव्हा सीएसएमटीच्या आधी मशीद स्टेशन लागतं. त्याच भागात सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली सिनेगॉग बांधलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. पुण्यातलं १८६७ चं सिनेगॉग डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याचं. पुणेकरांच्या तोंडी ते लाल देऊळ. एकाच धर्माचं प्रार्थनास्थळ, मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! तेलुगू, कानडी, उर्दू घरातली मुलं जिथे एका बाकावर बसतात त्या सोलापूरच्या वर्गाला यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

जहाज फुटून बेने इस्रायलांच्या पूर्वजांची सात जोडपी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागली, ही कथा जरूर सांगावी. मात्र त्यांच्यात ती तशी सांगतात, असं म्हणून. आणि कृपा करून तक्ते आणि वेशभूषा स्पर्धा नकोत. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, एवढं तरी चाचणी काढणाऱ्यांना ठाऊक असावं.

एका गुणासाठी मी शाळेत भांडायला गेले नाही. त्या बाई माझ्याच विद्यार्थिनी. चौथीला तीन वर्गांपैकी माझ्या वर्गात होत्या, आणि तेव्हा अलिबागच्या काकूंबद्दल मी वर्गात एक अक्षर काढलं नव्हतं.

– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर