मनूचं पुस्तक आणि आपले कोटणीस

ओसाका, 14 ऑगस्ट

ती. अप्पांना,
सा. न. वि. वि.

उद्या तुम्ही पहाटेच आवरून झेंडावंदनाला निघाल. इथे उद्या दुपारी 12 वाजता युद्धातल्या मृतांसाठी मिनिटभर स्तब्ध उभे राहतात. जपानचं युद्ध संपलं ते 15 ऑगस्ट 1945 लाच.

मनू आता नववीत. सुट्टीतल्या अभ्यासाला तिचं इतिहासाचं पुस्तक उघडलं, तसा मीही शेजारी बसलो. हिरोशिमा, नागासाकी, टोकियोवरचे बॉम्बहल्ले वाचताना गळा दाटून आला. चीनमधलं युद्ध मात्र भराभर उरकलंय, जपानी सैन्याने नानकिंगमध्ये केलेल्या कत्तलीला मोजक्या ओळी. पुस्तकात ते युद्ध 1937 पासून आहे. मनूच्या चिनी मैत्रिणीची आई म्हणाली, आमच्याकडे आधी 8 वर्षांचं शिकवायचे, 2017 पासून 14 वर्षांचं शिकवतात, 1931 ला जपानने चीनचा मांचुरिया घेतला तिथपासून.

मी सोलापूरचा म्हटल्यावर ती बाई एकदम म्हणाली, "के दिहुआ!" अप्पा, म्हणजे आपले द्वारकानाथ कोटणीस! भैय्या चौकातल्या त्यांच्या घरावरून मी रोज शाळेत जायचो. 1938 ला पाच डॉक्टरांच्या तुकडीतून चीनला गेले, जपानशी लढताना जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारले. वय अवघं 32.

मनूच्या पुस्तकात ते नाहीत, याचं मला वाईट वाटलं. पण मग आपली शाळा आठवली. तुम्ही आझाद हिंद सेना शिकवायचात तेव्हा अंगावर काटा यायचा. कोटणीस यायचे ते पुण्यतिथीच्या भाषणात. ही डॉक्टरांची तुकडी धाडली ती काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनीच, आणि तेच 1943 ला जपानच्या मदतीने इंग्रजांशी लढायला उभे राहिले, हे मला कुणी एका दमात सांगितलं नाही. इंफाळच्या लढाईत तर दोन्हीकडे आपलेच शिपाई होते. मुलांना हे झेपणार नाही असं का वाटतं आपल्याला? मनूला झेपलं. तिने तासभर प्रश्न विचारून मला भंडावून सोडलं.

इथे साबुरो इएनागा नावाचे प्राध्यापक होते. सरकार पाठ्यपुस्तकातला मजकूर कापायला लावतं म्हणून त्यांनी 1965 ते 1997 खटले लढवले. तुम्हाला आवडले असते.

मनू आता वर्गात कोटणिसांवर बोलणार आहे. स्मारकातले फोटो पाठवा, पाटीवरची अक्षरं वाचता येतील असे. आणि दादाच्या पोराच्या पुस्तकात कोटणीस आणि सुभाषबाबू एका धड्यात आहेत का, तेवढं बघून कळवा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा.

तुमचा,
राजू