कोइंब्राची चढण

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

लिस्बन आणि पोर्तो सोडून एक अख्खा दिवस मी कोइंब्रात एकटीने कसा काढला, असे तू विचारले होतेस. फोनवर ते नीट सांगता आले नाही. शिवाय तू वास्तुकला शिकतोस, तेव्हा ‘छान होते, जुने होते’ एवढ्याने तुझे समाधान होणार नाही, हे जाणून सविस्तर लिहिते. मी एकटी गेले याची काळजी करू नकोस. चढावर आपल्याला हवे तिथे थांबता येते आणि कोणाला तिष्ठत ठेवल्याचा संकोच राहत नाही, हा माझ्या वयात मोठाच लाभ आहे.

मोंदेगू नदीच्या काठावर एक उभी टेकडी, पायथ्याशी बाजारपेठ आणि माथ्यावर विद्यापीठ, अशी या गावाची रचना आहे. पायथ्याशी सांता क्रूझचा मठ आहे. पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिकेस याची समाधी तिथे आहे. ती पाहून मी फार रेंगाळले नाही. जुन्या तटबंदीच्या आल्मेदिना कमानीतून आत शिरले की दगडी पायऱ्यांची जी चढण लागते, तिला तिथले लोक केब्रा-कोश्तास म्हणतात. पावसाने आणि माणसांच्या वावराने तिचे दगड असे गुळगुळीत झाले आहेत की मी भिंतीला हात लावूनच चढले. वाटेत बाराव्या शतकातले जुने कॅथीड्रल लागते. त्याच्या माथ्यावर किल्ल्यासारखे कंगोरे आहेत आणि खिडक्या अगदी अरुंद आहेत, कारण त्या काळी दक्षिणेकडची सरहद्द अजून लढाईचीच होती. मे महिन्यात विद्यार्थ्यांचा वार्षिक उत्सव सुरू होतो तेव्हा याच्याच पायऱ्यांवर काळ्या झग्यांतले तरुण मध्यरात्री फादो, म्हणजे इथली हुरहुर लावणारी गाणी, गातात.

विद्यापीठाची स्थापना १२९० साली लिस्बनमध्ये झाली. ते पुढे कधी इथे तर कधी तिथे फिरत राहिले आणि १५३७ साली तिसऱ्या जुआंव राजाने ते कायमचे कोइंब्राला आणले. फ्रान्सिस झेवियरला गोव्यात धाडणारा राजा तो हाच. त्याचा पुतळा आज जुन्या आवारात उभा आहे. हे आवार मुळात राजवाड्याचे. विद्यापीठाने तो राजवाडा १५९७ साली विकत घेतला, त्यामुळे डॉक्टरेटचे समारंभ आजही राजाच्या दिवाणखान्यात होतात. कोपऱ्यातल्या अठराव्या शतकातल्या मनोऱ्यातली घंटा विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘बकरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वी तिच्या टोल्यांवर त्यांचा दिवस चाले, तेव्हा तिला हे नाव प्रेमाने पडले असेल असे मला वाटत नाही.

आता तुझ्या कामाचे. पाचव्या जुआंव राजाच्या काळात, १७१७ ते १७२८ या वर्षांत, बांधलेले जुआनीना ग्रंथालय ही या टेकडीवरची सर्वांत दिमाखदार वास्तू आहे. तिकिटावर वेळ छापलेली असते आणि आत मोजकी मिनिटेच थांबू देतात. एकापुढे एक तीन दालने, उंच ओकच्या मांडण्या, त्यांवर सोनेरी नक्षी आणि छत आणखी उंच गेल्याचा भास देणारी चित्रे आहेत. ब्राझील ही तेव्हा पोर्तुगालची वसाहत; तिथल्या सोन्याचा पैसा कुठे गेला, हे पाहायचे असेल तर इथे पाहावे. मला मात्र या थाटापेक्षा पुस्तके जपण्याची युक्ती अधिक आवडली. भिंती दोन मीटरांहून जाड आहेत आणि दार सागवानी आहे, त्यामुळे आतली हवा वर्षभर जवळपास सारखीच राहते. ओकच्या लाकडाच्या वासाला कीड बिचकते, आणि उरलीसुरली कीड मांडण्यांच्या मागे राहणारी वटवाघळे रात्री खातात. म्हणून रोज संध्याकाळी टेबलांवर चामड्याची आवरणे घालतात आणि सकाळी ती काढून साफसफाई करतात. हे सारे आपल्याकडच्या एखाद्या वाचनालयाच्या सचिवांना सांगितले, तर ते आधी वटवाघळे हाकलण्याची निविदा काढतील! याच इमारतीच्या पोटात विद्यापीठाचा तुरुंग आहे. १८३४ पर्यंत विद्यार्थ्यांचा न्यायनिवाडा विद्यापीठच करीत असे आणि शिक्षाही तेच देत असे. वर ग्रंथ आणि खाली कोठडी ही रचना तुझ्या प्राध्यापकांना नक्की दाखव.

आवाराच्या फेरिया दरवाजातून बाहेर पडले आणि चित्र एकदम पालटले. समोर रुंद, सरळ रस्ता, दोन्ही अंगांना प्रचंड, ठोकळेबाज, पांढुरक्या इमारती आणि टोकाला सव्वाशे पायऱ्यांचा भव्य जिना. १९४० च्या दशकात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने विद्यापीठाच्या विस्तारासाठी माथ्यावरची जुनी वस्ती जमीनदोस्त केली. शेकडो घरे, गल्ल्या आणि लहान चौक गेले आणि तिथल्या रहिवाशांना गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत हलवण्यात आले. या योजनेचा प्रमुख वास्तुकार कोत्तिनेल्ली तेल्मो होता. त्याचे आराखडे तू अवश्य पाहा. माझे मत विचारशील तर, ज्या गावात प्रत्येक वळणावर सावली मिळते, त्याच्या डोक्यावर हा उन्हाचा माळ मुद्दाम आणून ठेवल्यासारखा वाटतो. युनेस्कोने २०१३ मध्ये विद्यापीठाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा या इमारतींचाही त्यात समावेश केला. विध्वंस करणाऱ्याचे बांधकामही कालांतराने वारसा होते, हे मान्य करायला मला अजून जड जाते.

सालाझार या गावाला परका नव्हता. तो इथेच कायदा शिकला, इथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १९२८ साली अर्थमंत्री म्हणून लिस्बनला गेला. त्याच १९२८ साली, याच गावात, आपल्या मडगावचा आदेओदात बार्रेतो आणि त्याच्या सोबत्यांनी ‘इंदिया नोव्हा’ नावाचे पोर्तुगीज वृत्तपत्र काढले. त्या मंडळींत तेलो मास्कारेन्हसही होता. गोमंतकीय विद्यार्थ्यांनी पोर्तुगालच्या विद्यानगरीत बसून, पोर्तुगीज भाषेत, भारत हा आपला देश आहे असे छापून सांगावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बार्रेतो १९३७ साली ऐन तारुण्यात गेला. तेलो पुढे गोवा मुक्तीच्या लढ्यात पडला आणि सालाझारच्या राजवटीने त्याला आणून पोर्तुगालच्याच तुरुंगात टाकले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावरही तो कित्येक वर्षे आतच होता. ज्या प्राध्यापकाच्या गावात ही मुले शिकली, त्याच्याच राज्याशी त्यांनी पुढे वैर घेतले, आणि दोन्ही बाजूंचे शिक्षण याच टेकडीवर झाले. शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना सालाझार नेहमी लिस्बनचा म्हणून सांगत आले. तो आधी कोइंब्राचा होता, हे तिथे चालताना नीट उमगले.

हा विरोध गोमंतकीयांपुरता राहिला नाही. १७ एप्रिल १९६९ रोजी त्याच नव्या भागातल्या गणित विभागाच्या इमारतीचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष आमेरिको तोमास करीत असताना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाने बोलायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली आणि रात्री त्याला अटक झाली. पुढे विद्यार्थ्यांनी परीक्षांवरच बहिष्कार घातला. तो दिवस जिथे घडला तिथे मी उभी राहिले तेव्हा काही मुले कागदी पेल्यातली कॉफी पीत परीक्षेच्याच गप्पा मारत होती.

दुपारी उतरून पूल ओलांडला आणि सांता क्लारा-आ-व्हेल्या हा जुना मठ पाहिला. नदीच्या पुराने तो वारंवार बुडत असे, म्हणून नन्सनी चर्चच्या आतच अर्ध्या उंचीवर दुसरी जमीन घातली आणि वरच्या मजल्यावर प्रार्थना चालू ठेवली. शेवटी सतराव्या शतकात त्यांनी हार मानून समोरच्या टेकडीवर नवा मठ बांधला. खालचा भाग गाळात गाडला गेला होता, तो अलीकडच्या उत्खननात मोकळा झाला आहे. खांबांच्या मध्यावर त्या जमिनीच्या खुणा दिसतात. त्यांची छायाचित्रे वेगळी पाठवली आहेत, तुझ्या पुराच्या प्रकल्पासाठी ती उपयोगी पडतील.

उद्या सकाळी विद्यापीठाच्या नव्या ग्रंथालयात ‘इंदिया नोव्हा’चे अंक पाहायला मिळतात का, याची चौकशी करणार आहे. आजोबांच्या ट्रंकेतला पोर्तुगीज शब्दकोश मी घरीच ठेवून आले. तू गणपतीला फोंड्याला जाशील तेव्हा ती ट्रंक उघडून, त्यांच्या कागदांत त्या वृत्तपत्राची कात्रणे सापडतात का ते पाहा आणि मला कळव. वाळवी लागली असेल तर औषध मार, पण कागद उन्हात पसरू नकोस.

तुझी,
आई